संयुक्त संशोधनाचे अर्ज नागपुरात का अडतात?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार झाल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून येतात. छायाचित्रात दोन्ही बाजूंचे पदाधिकारी असतात, करारात ‘संयुक्त संशोधन’ हा शब्दप्रयोग हमखास असतो आणि त्यानंतर त्या करारातून एखादा प्रस्ताव अनुदानासाठी गेला की नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मी नागपुरातील एका अनुदानित महाविद्यालयात विज्ञान शाखेत शिकवते आणि अशा प्रस्तावांच्या तयारीशी माझा काही वर्षे संबंध आला आहे. त्या आधारे एक मुद्दा आपल्या वाचकांपुढे आणि त्यातही विद्यापीठाच्या व संस्थांच्या चालकांपुढे मांडू इच्छिते. आपल्याकडचे बहुतेक प्रस्ताव कल्पना कमी पडल्यामुळे अडत नाहीत. ते कागदांपाशी अडतात आणि ते कागद सांभाळणे हे कोणाचेही नेमून दिलेले काम नसते.

विषयांची वाण आपल्याला नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातील अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू करून २०४७ चे लक्ष्य ठेवले आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचे काय केले, हे विदर्भातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. संत्र्याच्या बागांतील डिंक्या, कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख, मे महिन्यातील उष्णतेचा कष्टकऱ्यांच्या प्रकृतीवर होणारा परिणाम हे सारे जगभरच्या प्रयोगशाळांना हवे असलेले प्रश्न आहेत. बेसॉल्ट खडकात आघाताने तयार झालेले लोणारचे विवर तर चंद्र आणि मंगळाच्या अभ्यासकांनाही खुणावते. शहरात पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था नीरी आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे, मृदा सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय ब्युरोचे मुख्यालय आहे, व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आणि एम्स आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशनही भरवले. असे असूनही संयुक्त अनुदानाची मंजुरी आली, की ती बहुधा केंद्रीय संस्थांकडेच येते आणि महाविद्यालये व विद्यापीठाचे विभाग मागे राहतात, असे माझे निरीक्षण आहे.

पैशाचे मार्गही अगदीच थोडे नाहीत. भारत आणि फ्रान्स यांच्या सरकारांनी १९८७ मध्ये उभारलेले सेफिप्रा हे केंद्र दोन्ही देशांतील संशोधकांचे संयुक्त प्रस्ताव मागवते. अमेरिकेबरोबरचा विज्ञान-तंत्रज्ञान मंच २००० पासून आहे. जर्मनीबरोबरच्या केंद्राची ‘दोन अधिक दोन’ ही पद्धत आहे. म्हणजे दोन्ही देशांतून एक शैक्षणिक संस्था आणि एक उद्योग असे चौघे एकत्र यावे लागतात. बुटीबोरी, हिंगणा आणि मिहान हाताशी असलेल्या शहराला उद्योगाचा भागीदार शोधणे जड जायला नको होते. परदेशी संस्थांशी संशोधन सहकार्यासाठी शिक्षण मंत्रालयाची २०१८ मधील स्पार्क योजना आहे, मात्र तिच्या पात्रतेत संस्थेची क्रमवारी मोजली जात असल्याने लहान महाविद्यालयांना ती सरळ मिळत नाही. युरोपीय संघाचा ‘होरायझन युरोप’ हा २०२१ ते २०२७ या काळाचा कार्यक्रम आहे. त्यात भारतीय संस्था सहभागी होऊ शकतात, पण त्यांच्या वाट्याचा खर्च संघाकडून आपोआप मिळत नाही. तो कोण देणार, हे प्रस्ताव मागवणाऱ्या त्या त्या आवाहनाच्या अटींमध्ये शोधावे लागते. आमच्याकडे अनेक जण आवाहनाचे पहिले पान वाचून हुरळतात आणि ही अट शेवटच्या आठवड्यात वाचतात.

दोन देशांच्या विभागांनी मिळून काढलेल्या आवाहनांत एक नियम बहुधा असतो. भारतीय संशोधकाने आपला अर्ज केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि परदेशी सहकाऱ्याने त्याच्या देशातील यंत्रणेकडे; एकच बाजू पोहोचली तर प्रस्तावाचा विचारच होत नाही. म्हणजे आपल्याकडचा एक शिक्का उशिरा पडला, तर परदेशातील माणसाचीही कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाते. माझ्या परिचयातील एका सहकाऱ्याच्या बाबतीत असेच घडले. विज्ञानाचा भाग लिहून झाला होता, परदेशी बाजूचा अर्ज गेलाही होता, आणि आपल्या बाजूचे संस्थाप्रमुखांचे संमतिपत्र मात्र ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ या कारणाने टेबलावर पडून राहिले. प्रमुखांच्या अनुपस्थितीत सही कोणी करायची, याचा आदेशच त्या संस्थेत नव्हता. त्या परदेशी गटाने पुढच्या आवाहनाला दुसऱ्या राज्यातील संस्था निवडली, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. युरोपीय संघाची मुदत ब्रुसेल्सच्या वेळेनुसार सायंकाळी पाच वाजता संपते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. त्या वेळी आपल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयात फोन उचलणारे कोणी नसते.

याहून मोठी गाठ परदेशी निधीच्या कायद्याची आहे आणि तिच्याविषयी जेवढे गैरसमज आहेत, तेवढे दुसऱ्या कशाविषयी नसतील. नागपुरातील बहुसंख्य महाविद्यालये शिक्षण संस्था किंवा विश्वस्त मंडळे चालवतात. परदेशी विद्यापीठ किंवा प्रतिष्ठान अशा संस्थेला थेट अनुदान देणार असेल, तर परकीय अंशदान विनियमन अधिनियम, २०१० अन्वये नोंदणी किंवा त्या ठरावीक दात्याकडून ठरावीक रकमेसाठी पूर्वपरवानगी आवश्यक असते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे अस्तित्वात असावी लागते आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. ही नोंदणी पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मिळालेले अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वळते करण्यास बंदी आली. नागपुरातील तीन महाविद्यालयांनी मिळून एक प्रस्ताव करावा, पैसा एकीने घ्यावा आणि बाकीच्या दोघींना वाटून द्यावा, ही पद्धत त्यामुळे परदेशी निधीच्या बाबतीत चालत नाही. हे अर्ज करण्याआधी माहीत असेल तर अंदाजपत्रक तीन स्वतंत्र भागांत मांडता येते आणि परदेशी भागीदाराला तिघांशी वेगळे करार करायला सांगता येते. मंजुरीनंतर कळले तर सगळाच विचका होतो.

याउलट, भारत सरकारच्या विभागामार्फत येणारा भारतीय बाजूचा वाटा हा परदेशी निधी नसतोच. तरीही ‘परदेश’ हा शब्द दिसताच फाईल बाजूला ठेवणारे लेखापाल मी पाहिले आहेत. अधिनियमाद्वारे स्थापन झालेल्या आणि ज्यांचे लेखापरीक्षण महालेखापरीक्षकांकडून होणे बंधनकारक आहे, अशा संस्थांना केंद्राने या कायद्यातून सूट दिलेली आहे. आपली कोणती संस्था त्या सुटीत बसते आणि कोणती नाही, हे एकदा कायदेशीर सल्ला घेऊन लेखी ठरवून ठेवायला हवे; प्रत्येक प्राध्यापकाने प्रत्येक अर्जाच्या वेळी तोच प्रश्न घेऊन नव्याने हेलपाटे घालणे शहाणपणाचे नाही. संशोधन अनुदानावरील जीएसटीचा घोळही २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने सूट दिल्याने बराचसा मिटला, पण ती वार्ता सगळ्या लेखा विभागांपर्यंत पोहोचलेली दिसत नाही.

विषयानुसार आणखी परवानग्या लागतात. सिकलसेलसारख्या आरोग्यविषयक संयुक्त प्रकल्पाला नीतिशास्त्र समितीच्या मान्यतेबरोबरच आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावे लागते. तिचे कामकाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत चालते. कपाशीचे किंवा संत्र्याचे वाण, अगदी मातीतील सूक्ष्मजीवसुद्धा, परदेशी सहकाऱ्याला संशोधनासाठी द्यायचे असतील, तर जैविक विविधता अधिनियम, २००२ आडवा येतो. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य झालेल्या सहयोगी प्रकल्पांना त्यातील काही कलमांतून मोकळीक आहे, पण ती मिळवण्यासाठी प्रकल्प त्या चौकटीत आधीच बसवावा लागतो. या अटी जाचक आहेत असे मला वाटत नाही. आपल्या रुग्णांचे रक्त आणि आपल्या शेतातील बियाणे कोठे जाते, यावर लक्ष असलेच पाहिजे. आपल्याकडच्या संशोधकाने नमुने गोळा करून पाठवायचे आणि शोधनिबंधात त्याचे नाव आभारांच्या ओळीत यायचे, अशी भागीदारी नाकारलेलीच बरी. आणि म्हणूनच करारातील बौद्धिक संपदेचे व लेखकत्वाचे कलम सही करण्यापूर्वी वाचणारा कोणी तरी जाणकार हवा.

अंदाजपत्रकाचे काय सांगावे! कनिष्ठ संशोधन छात्राचे विद्यावेतन १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाले, तरी जुन्या अर्जावरून नक्कल केलेले जुने आकडे अजूनही भरले जातात. नागपूर ‘वाय’ वर्गातील शहर आहे हे विसरून घरभाड्याचा दर महानगराचा लावला जातो. परदेशी भागीदाराचे वर्ष जानेवारीत सुरू होते आणि आपले एप्रिलमध्ये, त्यामुळे पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) कोणत्या तारखेपर्यंतच्या खर्चाचे द्यायचे, यावर पत्रव्यवहार चालू राहतो आणि दुसरा हप्ता तोवर अडकतो. दिवसाला चार तास वर्गात शिकवून, परीक्षेची आणि प्रवेशाची कामे सांभाळून प्राध्यापकाने विज्ञानाबरोबर हा सारा व्यापही एकट्याने करावा, अशी आपली अपेक्षा आहे.

माझी सूचना अशी की, विद्यापीठाने पुढाकार घेऊन शहरातील महाविद्यालयांसाठी एक सामायिक संशोधन साहाय्य कार्यालय उघडावे. कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांत प्रकल्पांच्या नियोजनासाठी आणि मूल्यमापनासाठी पीएमई कक्ष असतो. तसेच काही तरी महाविद्यालयांच्या आवाक्यात यावे. त्यासाठी मोठी इमारत नको. एक लेखा जाणणारा, एक करार वाचणारा आणि एक आवाहने व मुदतींवर नजर ठेवणारा, अशी तीन पूर्णवेळ माणसे पुरेशी आहेत. ज्या शहरात महालेखाकारांचे कार्यालय आहे आणि नीरीसारख्या संस्थांतून प्रकल्प सांभाळलेले अधिकारी दरवर्षी निवृत्त होतात, तेथे अशी माणसे मिळणे अवघड नाही. या कार्यालयाने स्वतः पैसा हाताळू नये, कारण वर सांगितलेली बंदी पाहता ते अडचणीचे होईल. त्याने फक्त कागद तयार करावेत, तपासावेत आणि प्रत्येक संस्थेचा पैसा तिच्याच खात्यात यावा. खर्चासाठी सहभागी महाविद्यालयांनी वार्षिक वर्गणी द्यावी आणि मंजूर प्रकल्पांतील संस्थात्मक खर्चाच्या रकमेतून, जेथे नियम परवानगी देतात तेथे, काही भाग घ्यावा. त्याचबरोबर प्रत्येक संस्थेने संमतिपत्रावर सही करण्याचा पर्यायी अधिकार कोणाला आहे, याचा आदेश काढावा. याला एक रुपयाही लागत नाही.

यासाठी नवा कायदा लागणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय सहकार्यासाठी एक आणि संशोधनासाठी एक अशी मंडळे मुळातच आहेत. मंडळांच्या बैठका होतात आणि इतिवृत्ते लिहिली जातात, परंतु अर्ज भरण्यासाठी त्यांच्या हाताखाली माणूस नाही. काही संस्था अलीकडे शुल्क घेऊन प्रस्ताव लिहून देणाऱ्या सल्लागारांकडे वळल्या आहेत. भाषा सफाईदार होते हे खरे, पण असा प्रस्ताव कोणत्याही जिल्ह्याला लागू पडेल इतका गुळगुळीत असतो आणि मंजुरीनंतर उपयोगिता प्रमाणपत्राच्या वेळी ते सल्लागार कोठेही दिसत नाहीत. देश म्हणून आपण सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो. अशा वेळी बाहेरून मिळू शकणारी साथ मुदत चुकल्यामुळे सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. पुढच्या वेळी सामंजस्य कराराची बातमी छापताना आपल्या प्रतिनिधीने संबंधित संस्थेला तीन प्रश्न विचारावेत: मागील करारांतून किती संयुक्त प्रस्ताव सादर झाले, त्यांपैकी किती मंजूर झाले, आणि जे सादर होऊ शकले नाहीत ते कोणत्या कागदासाठी अडले. उत्तरे आली तर ती बातमीच्या खाली छापावीत. आली नाहीत तर तसेही छापावे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक सहयोगी प्राध्यापिका, धंतोली, नागपूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)