‘पर्यंत’ या शब्दामागे दडलेला वेग

महोदय,

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत सध्या संगणक विक्रेत्यांच्या जाहिराती वरचेवर येतात आणि त्यांपैकी बहुतेकींचा सूर एकच असतो : जुना संगणक मोडीत काढू नका, एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी, फिरते भाग नसलेली साठवण) बसवा आणि दहापट वेग मिळवा. यातील पूर्वार्ध खरा आहे. गेली २२ वर्षे कराडमध्ये डीटीपीचे (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे) आणि लग्नाच्या अल्बमचे काम करत असल्याने तो मी माझ्याच टेबलावर अनुभवला आहे. वेगाचा आकडा मात्र ज्या पद्धतीने छापला आणि सांगितला जातो, तिच्यामुळे ग्राहक नको त्या गोष्टीला जास्त पैसे मोजतो आणि हव्या त्या गोष्टीची चौकशीच करत नाही, असे माझे मत आहे. त्याविषयी हे पत्र.

कापड दुकानाच्या फलकावर ‘५० टक्के सूट’ ही अक्षरे हातभर असतात आणि ‘पर्यंत’ हा शब्द जवळ गेल्याखेरीज वाचता येत नाही. एसएसडीच्या खोक्यावरही हाच ‘पर्यंत’ असतो. गेल्या लग्नसराईत मी १ टीबीची एक एसएसडी घेतली. तिच्या खोक्यावर सेकंदाला ५,००० एमबीपर्यंत वेग असे लिहिले होते. महिनाभरात ती ६० टक्के भरली. मग एका रात्री चार कॅमेऱ्यांचे मिळून सुमारे २८० जीबी चित्रीकरण संगणकातल्याच जुन्या साटा (हार्ड डिस्कसाठीच्या जुन्या जोडणीच्या) एसएसडीवरून नव्या एसएसडीवर घ्यायचे होते, कारण सकाळी दहाला मुलीकडची मंडळी निवड करायला येणार होती. कॉपीच्या चौकटीतला हिरवा आलेख सुरुवातीला ५०० एमबीवर सरळ चालला होता. जुनी एसएसडी वाचून देणार तेवढेच, म्हणून त्याबद्दल तक्रार नव्हती. साधारण १०० जीबी गेल्यावर मात्र तो आलेख कड्यावरून कोसळावा तसा खाली आला आणि ९० एमबीच्या आसपास रेंगाळू लागला. जे १८० जीबी सहा मिनिटांत जायचे, त्यांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला. कपाटात पडलेली माझी जुनी हार्ड डिस्कसुद्धा सलग मोठी फाइल लिहिताना याहून वेगाने चालते. दुसऱ्या दिवशी खोके घेऊन दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने वस्तू तपासली आणि तिच्यात कसलाही बिघाड नाही असे सांगितले. तो खोटे बोलत नव्हता, हे मला नंतर समजले.

एसएसडीतील माहिती फ्लॅश मेमरीच्या चिपांत साठते आणि त्या मेमरीच्या प्रत्येक पेशीत विद्युतभार साठवलेला असतो. एका पेशीत एकच बिट (शून्य किंवा एक) ठेवायचा असेल तर भाराच्या दोन पातळ्या ओळखल्या की पुरते. तीन बिट ठेवायचे तर आठ आणि चार बिट ठेवायचे तर सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात. तीन बिटांच्या मेमरीला बाजारात टीएलसी म्हणतात आणि चार बिटांच्या मेमरीला क्यूएलसी. तांब्या रिकामा आहे की भरलेला, हे अंधारातही हाताला कळते. तो सोळापैकी नेमक्या अकराव्या खुणेपर्यंत भरायचा म्हटले, की हात सावकाशच चालवावा लागतो. ही दिरंगाई जाणवू नये म्हणून एसएसडी आपल्या मोकळ्या जागेचा काही भाग तात्पुरता एकबिटी पद्धतीने वापरते, आलेली माहिती तिथे भराभर उतरवून घेते आणि पुढे संगणक निवांत असताना ती नीट रचून ठेवते. माझी एसएसडी क्यूएलसी होती आणि तिच्यात ४०० जीबी मोकळे होते. चार बिटांच्या जागी एकेकच ठेवला की त्यात १०० जीबी मावतात, आणि आलेख बरोबर तिथेच कोसळला होता. लिहिण्याचा म्हणून जो वेग खोक्यावर छापतात तो या तात्पुरत्या जागेचा असतो. ती संपल्यावर काय वेग मिळेल, तो आकडा मी आजवर कुठल्याही खोक्यावर पाहिलेला नाही.

याचा अर्थ क्यूएलसी वाईट असा मुळीच नव्हे. हिशेब, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास यांत एका वेळी १०० जीबी कोण लिहितो? अशा घरांना आणि कचेऱ्यांना तिची ही खोड कधी कळणारही नाही. लिहून लिहून ती लवकर झिजेल ही भीतीही बरीचशी निराधार आहे. १ टीबीच्या टीएलसी एसएसडीला कंपन्या बहुधा ६०० टीबी लेखनापर्यंत हमी देतात आणि क्यूएलसीला साधारण २०० टीबीच्या घरात. रोज ५० जीबी लिहिले, तरी वर्षाला १८ टीबी होतात. म्हणजे क्यूएलसीसुद्धा या हिशेबाने दहा वर्षांहून अधिक चालावी. ज्यांचे रोजचे काम चित्रीकरणाचे, मोठ्या स्कॅनिंगचे किंवा छपाईच्या जड फाइलींचे आहे, त्यांनी मात्र टीएलसीच मागावी, शक्य असल्यास स्वतःची डीरॅम चिप (कोणती माहिती कुठे आहे याची नोंद ठेवणारी वेगवान मेमरी) असलेली घ्यावी आणि त्यासाठी छापील वेग थोडा कमी असला तरी चालवून घ्यावा.

उरलेल्यांना खरा फायदा कुठे होतो, हे जाहिरातींत कोणीच सांगत नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्ध्या फेरीची, म्हणजे सुमारे चार मिलिसेकंदांची वाट पाहावी लागते. सुई सरकण्याचा वेळ त्याहून जास्त. त्यामुळे सेकंदाला शंभरेक ठिकाणांपलीकडे तिची मजल जात नाही आणि विंडोज सुरू होताना तर हजारो बारीकसारीक फाइली वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने ही वाट पाहणे जवळजवळ संपते. म्हणून हार्ड डिस्क काढून अगदी साधी साटा एसएसडी बसवली, जिचा वेग साधारण ५५० एमबीच्या फारसा वर जात नाही, तरी संगणक नवा झाल्यासारखा वाटतो. आमच्या शेजारच्या पतसंस्थेतील २०१३ सालचा संगणक सुरू व्हायला चार मिनिटे घेत असे आणि तोवर कॅशिअर चहा पिऊन येत. साटा एसएसडीनंतर त्यांचा चहा हुकू लागला. त्यापुढे दहापट छापील वेगाची महाग एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान, नव्या पद्धतीची) एसएसडी घेतली असती, तर या कामात आणखी दोन-चार सेकंद वाचले असते, इतकेच. ते पैसे रॅम ४ जीबीवरून ८ जीबी करण्यात घालणे केव्हाही शहाणपणाचे, कारण रॅम अपुरी पडली की संगणक तो भार एसएसडीवर टाकत राहतो.

मदरबोर्डवरच्या (संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या) ज्या खाचेत पट्टीसारखी एसएसडी बसते, तिचा घोळ तर विचारू नका. एम.२ हे केवळ खाचेच्या आकाराचे नाव आहे आणि २२८० याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, एवढाच. त्याच खाचेत साटा पद्धतीची एसएसडी चालते की एनव्हीएमई पद्धतीची, की दोन्ही, हे त्या त्या मदरबोर्डवर अवलंबून असते. माझ्या परिचयातील एका शिक्षकांनी जुन्या लॅपटॉपसाठी एनव्हीएमई एसएसडी आणली. ती खाचेत बसली, स्क्रूही लागला आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) काही केल्या दिसेना, कारण ती खाच फक्त साटाची होती. पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या चौथ्या पिढीची एसएसडी तिसऱ्या पिढीच्या खाचेत चालते खरी, पण ३,५०० एमबीच्या पुढे जात नाही. माझा संगणकही तिसऱ्याच पिढीचा आहे, तेव्हा खोक्यावरचे ५,००० मला पहिल्या दिवसापासूनच मिळणार नव्हते. साधारण २०१४ पूर्वीचे बहुतेक मदरबोर्ड तर एनव्हीएमईवरून सुरूच होत नाहीत. हे सगळे विकत घेण्याआधी दोन मिनिटांत पाहता येते, पण विक्रेता ‘कुठला मदरबोर्ड आहे?’ असे विचारताना मी क्वचितच ऐकले आहे.

बसवतानाची एक गोष्ट इथे नमूद करतो, कारण ती मी किमान पाच संगणकांत पाहिली आहे. एम.२ एसएसडी खाचेत तिरपी सरकवायची, मग वरून दाबून आडवी करायची आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या स्क्रूने पक्की करायची असते. मदरबोर्डवर तिच्यासाठी हीटसिंकची (उष्णता बाहेर टाकणारी धातूची) पट्टी असेल तर तिच्या पोटाला करड्या रंगाचा मऊ पॅड असतो आणि त्या पॅडवर पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा. तो पापुद्रा तसाच ठेवून पट्टी आवळली की पॅड चिपला नीट चिकटत नाही आणि उष्णता अडकून राहते. पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात मे महिन्याच्या दुपारी अशी एसएसडी तापली, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, आणि मालक विंडोज पुन्हा टाकण्यात दिवस घालवतो.

वापराबाबत जुन्या सवयी सोडाव्या लागतात. हार्ड डिस्कच्या काळातले साप्ताहिक डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणे) एसएसडीला उपयोगाचे नाही. विंडोज आपणहून ट्रिम नावाची आज्ञा पाठवून पुसलेली जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळवत असते आणि तेवढे पुरते. याच ट्रिममुळे चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशाही जवळपास मावळते. पूर्वी रिसायकल बिनमधूनही गेलेले फोटो आम्ही एखाद्या सॉफ्टवेअरने परत काढून देत असू आणि गिऱ्हाईक पेढे घेऊन येत असे. आता ट्रिम होऊन गेलेल्या एसएसडीच्या बाबतीत मी आधीच हात जोडतो. शिवाय हार्ड डिस्क जाण्यापूर्वी पुष्कळदा टकटक करते, कुरकुरते, निदान संशय येऊ देते. एसएसडीचा नियंत्रक (तिचे सारे काम चालवणारी चिप) निकामी झाला की काल संध्याकाळपर्यंत उत्तम चालणारी वस्तू सकाळी बायोसमध्ये दिसतच नाही. हमीत कंपनी नवी एसएसडी देते, त्यातले लग्न देत नाही. म्हणून जुनी हार्ड डिस्क फेकू नये. सावकाश चालली तरी दुसरी प्रत ठेवायला ती उत्तम आहे. लिहिणे चालू असताना वीज जाणे हेही एसएसडीला घातक ठरू शकते, तेव्हा आपल्याकडच्या विजेची तऱ्हा पाहता यूपीएसची मेलेली बॅटरी बदलण्याचा खर्च टाळू नये. आणि पाचवा हिस्सा जागा मोकळी ठेवावी, ज्याचे कारण वर आलेच आहे.

फेरीवाल्यांकडे आणि ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळणाऱ्या ‘१६ टीबी’च्या बाह्य एसएसडींबद्दल एवढेच सांगतो, की अशी एक मी उघडून पाहिली आणि आत गोंदाने चिकटवलेले मोबाइलचे मेमरी कार्ड निघाले. संगणकाला ती १६ टीबी अशीच दिसत होती.

माझी मागणी साधी आहे. जाहिरातीत आणि बिलावर ‘१ टीबी एसएसडी’ एवढेच न लिहिता कंपनीचे पूर्ण मॉडेल, मेमरी टीएलसी की क्यूएलसी, साटा की एनव्हीएमई आणि हमीची वर्षे व लेखनमर्यादा लिहिली जावी. बिलावर अनुक्रमांकही असावा. एकाच मॉडेलच्या नावाखाली आतली मेमरी आणि नियंत्रक गुपचूप बदलल्याची एकापेक्षा अधिक कंपन्यांची प्रकरणे २०२१ मध्ये उघडकीस आली होती, त्यामुळे मॉडेल लिहून सर्व प्रश्न सुटतात असा माझा दावा नाही. पण आज ग्राहकाच्या हातात भांडायला कागदच नसतो. आपल्या जाहिरात विभागाने स्थानिक विक्रेत्यांना निदान हा तपशील देण्याचा आग्रह धरावा, अशी विनंती आहे.

हीच विनंती संगणक खरेदी करणाऱ्या शाळा, ग्रंथालये आणि पतसंस्थांनाही आहे. मी ज्या शालेय समितीवर आहे, तिथे बारा संगणकांसाठी आलेल्या तिन्ही कोटेशनांत ‘५१२ जीबी एसएसडी’ एवढाच उल्लेख होता. आम्ही ती परत पाठवून पूर्ण मॉडेल मागितले. दोघांनी आठवडाभरात ते लिहून दिले. ज्याचा दर सर्वांत कमी होता, त्या तिसऱ्याने ‘माल येईल तसा बसवून देऊ’ असे कळवले आहे.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक, कराड