थेऊरहून आल्यावर

प्रिय बाळ्या,

तब्येत ठीक. साखर आटोक्यात आहे.

काल थेऊरला जाऊन आलो. सभामंडपाचे लाकडी खांब हाताला गुळगुळीत लागतात, तिथंच टेकून बसलो आणि तुझ्याशी मनातल्या मनात कडाक्याचं भांडलो. बाकी कुणाला लिहू? घरचे म्हणतील, थोरले माधवराव पेशवे थेऊरला गेले, त्या अडीचशे वर्षांपूर्वीच्या मरणाचं काय घेऊन बसलात.

मराठी राज्य कशानं मोडलं म्हटलं, की तू जन्मभर पानपत, पानपत करत आलास; मी म्हणतो, माधवरावांच्या मरणानं. सरांसमोर माझा निबंध फाडलास, विसरलेलो नाही. पण पानपतानंतर अकरा वर्षांत, जानेवारी १७७२ मध्ये महादजी शिंद्यांनी बादशहा शाहआलमला दिल्लीत नेऊन बसवलं. मोडलेल्या राज्याला हे जमतं का रे? आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला, सत्ताविसाव्या वर्षी, माधवराव क्षयानं गेले. पोटी मूल नाही. अंथरुणावरून लिहवलेल्या कलमांतसुद्धा दौलतीचं कर्ज फेडायची काळजी!

मला छळतं ते दादासाहेबांचं, म्हणजे रघुनाथरावांचं. ज्या काकानं १७६८ ला धोडपला पुतण्यावर फौज आणली, त्यालाच माधवरावांनी कैदेतून काढून धाकट्या भावाला, नारायणरावाला, त्याच्या हवाली केलं. दहा महिनेही झाले नाहीत, ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी पोराला कापलं. अठरा वर्षांचा होता रे.

हवाली करायला दुसरं होतं तरी कोण? विश्वासराव नाहीत, भाऊसाहेब नाहीत, दोघंही पानपतावर पडले. आता तू उड्या मारशील, ‘बघ, पानपतच!’ मार. पण नाना फडणवीस, सखारामबापू, हरिपंत अशी दरबारातली जाणती माणसं होतीच की. अकलेचा तुटवडा नव्हता. काकालाही कैदेत टाकील आणि सरदारांनाही जाब विचारील, असा धनी गेला. मग १७७५ ला सुरतेच्या तहात दादांनी साष्टी-वसई इंग्रजांच्या नावे लिहून दिली. चिमाजीअप्पांनी १७३९ ला हजारो माणसं खर्ची घालून घेतलेली वसई! आणि दादांच्या लेकानं, दुसऱ्या बाजीरावानं, ३१ डिसेंबर १८०२ ला त्याच वसईत बसून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. राज्य बुडेपर्यंतची पुढची सोळा वर्षं मला वाचवत नाहीत. नारायणरावाच्या मुलाच्या, सवाई माधवरावाच्या, जन्माशीच पुस्तक मिटतो.

काकांना सोडायला नको होतं, असं मला वाटतं. तुझं मत सविस्तर लिही, दोन ओळींत वाटेला लावू नकोस.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिंगीचं पुण्यात पक्कं झालं तर खोली मी बघतो, वसतिगृहाच्या भानगडीत पडू नका. अण्णांना नमस्कार.

तुझा,
दिन्या