मल्लेश्वरमच्या अम्मांना

अम्मा, नमस्कार.

माझं कन्नड अजून भाजीबाजारापुरतंच आहे आणि मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं, म्हणून हे पत्र मराठीत लिहितेय. अण्णा तुम्हाला ते कन्नडमध्ये सांगतील. अक्कलकोट-आळंद-कलबुर्गी मार्गावर एसटीत कंडक्टरकी करताना कमावलेलं त्यांचं कन्नड तुम्हाला कळतं, हे एव्हाना आम्हाला ठाऊक झालंय.

आई गेल्यावर मी अण्णांना बंगळूरला आणलं, तेव्हा आम्ही व्हाइटफील्डला, माझ्या ऑफिसजवळच्या एका उंच इमारतीत राहत होतो. पोहण्याचा तलाव, जिम, सगळं होतं तिथे. बोलायला मात्र माणूस नव्हतं. अण्णा संध्याकाळी खाली उतरून लॉबीतल्या सोफ्यावर टेकायचे, येणाजाणाऱ्यांकडे बघत. कुणीतरी त्यांचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला : ही जागा पाहुण्यांसाठी आहे. दुसऱ्या दिवशी वॉचमनने त्यांना उठवलं. तो बिचारा खाली मान घालून बोलत होता. पण ज्यांनी फोटो काढला, ज्यांनी त्याखाली अंगठे दिले, त्यांतल्या एकालाही वाटलं नाही की या आजोबांना आधी नाव तरी विचारावं. ज्या माणसाने गच्च भरलेल्या गाडीत आयुष्यभर म्हाताऱ्याकोताऱ्यांना जागा करून दिली, त्याला लोकांनी सोफ्यावरून उठवलं. निघताना घरमालकाने रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटमधून कापलेले पैसे मी सोडून दिले. तो फोटो मला सोडून देता येत नाही.

तुमचं वरचं घर आम्हाला कसं मिळालं, ते सांगत बसत नाही. सांगायचंय ते खुर्चीचं.

सामान अजून टेम्पोतच होतं. अण्णा फाटकापाशी उभे होते, एक हात गुडघ्यावर. तुम्ही आतून आलात, हातात प्लास्टिकची लाल खुर्ची. ती तुमच्या खुर्चीशेजारी झाडाच्या सावलीत ठेवलीत आणि पदराने पुसलीत. काही बोलला नाहीत, नुसता हात केलात. संध्याकाळी मला वाटलं, ती आत जाईल. नाही गेली. दुसऱ्या दिवशीही तिथेच, त्यानंतरही तिथेच. पाऊस आला की तुम्ही तुमची खुर्ची उचलता, तशी तीही उचलता.

मग अवरेकाईचा हंगाम आला आणि तुम्ही पावट्याच्या शेंगांची टोपली त्यांच्या मांडीवर ठेवलीत. सोलायला! भिजवलेला पावटा बोटांत दाबून साल कशी सुटते, तेही दाखवलंत. मी ऑफिसातून आले तर अण्णा मान वर न करता म्हणाले, “थांब, एवढं संपू दे.” आई गेल्यापासून त्यांना कुणी काम सांगितलं नव्हतं. मीसुद्धा “तुम्ही बसा, आराम करा” एवढंच म्हणायचे.

त्या खुर्चीवरून अण्णांना अख्खं मल्लेश्वरम भेटलं. आठव्या क्रॉसची फुलवाली थांबून बोलते, इस्त्रीवाला बातम्या सांगतो. तुम्हीच त्यांना काडु मल्लेश्वराच्या देवळात नेलंत, समोरच्या नंदीतीर्थात नंदीच्या मुखातून पिंडीवर पडणारं पाणी दाखवलंत. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी या देवाला गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा लेख आहे, हे कळल्यावर अण्णांनी तिथूनच मला फोन केला होता. शहाजीराजांच्या जहागिरीत आपण राहतोय, म्हणाले! आता ते आल्यागेल्या नातेवाइकाला स्वतः फिरवतात. १८९८ च्या प्लेगनंतर ही वस्ती कशी वाढली, सँकी तलाव १८८२ चा, संपिगे रोडला सोनचाफ्याचं नाव आणि मार्गोसा रोडला कडुलिंबाचं, सगळं तोंडपाठ. मला व्हाइटफील्डला जाताना मॅजेस्टिकला मेट्रो बदलावी लागते, वेळ जातो. जाऊ दे. परतताना संपिगे रोडला उतरलं की घरी आल्यासारखं वाटतं, तसं मला या शहरात आधी कुठेच वाटलं नव्हतं.

लोक म्हणतात, मोठ्या शहरात माणुसकी उरली नाही. मला ते पटत नाही. माणुसकीला पैसा लागत नाही, मोठं घरही लागत नाही. समोरचा उभा आहे, त्याचे पाय दुखताहेत, एवढं दिसावं लागतं. तुम्हाला ते दिसलं. परक्या प्रांतातला, अनोळखी, कालपर्यंत नावही माहीत नसलेला माणूस, आणि तुम्हाला दिसलं. याचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही. लिहिताना आत्ताही डोळे भरून येताहेत.

एक कामाचं. आपला अकरा महिन्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. भाड्याचा विषय काढायला तुम्ही संकोचता, हे अण्णांनी मला सांगितलंय. कृपा करून संकोचू नका, योग्य वाटेल ते वाढवा, आम्हाला इथेच राहायचंय. आणि दिवाळीनंतर आम्ही अक्कलकोटला जाणार आहोत, तेव्हा तुम्ही आमच्याबरोबर यायचं आहे. स्वामींचं दर्शन होईल. आत्या तुमच्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवणार आहे, तिखट कमी घालायला सांगितलंय. तिकिटं अण्णा काढताहेत, खिडकीची जागा तुमची.

तुमची,
वरच्या मजल्यावरची मुलगी