कौलं परतणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

यंदाचा पावसाळा सरला आणि माजघरात एकदाही टोप-बालद्या मांडाव्या लागल्या नाहीत. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘असू दे गो’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. दापोली-मंडणगडकडे अजून कितीतरी कौलारू घरं गळतात. तुम्ही काय केलंत ते त्या घरांतल्या माणसांनाही कळायला हवं.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमचं अर्धं छप्पर उडालं. पाऊस तोंडावर होता, त्यामुळे जिथून मिळतील तिथून कौलं आणून घर झाकलं गेलं. तेव्हापासून दर पावसात गळती. बघायला येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, सगळं उतरवा, लोखंडी सांगाडा करा आणि वर पत्रा मारा. आकडा ऐकून पोटात गोळा यायचा. तुम्ही मात्र अंदाज सांगण्याआधी शिडी लावून वर चढलात, चार कौलं खाली आणलीत आणि ओटीवर पालथी मांडलीत. प्रत्येकाच्या पाठीवर वेगळ्या कारखान्याचा छाप! ‘बाय, ह्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. कौल फुटलेलं नाही, पण वारा सुटला की फटीतून पाणी आत येणारच.’ इतक्या वर्षांत गळतीचं कारण आम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं.

मग सगळी कौलं उतरवून, शेवाळ घासून काढून, एकेक कौल तुम्ही हातावर धरून बोटाच्या पेरानं वाजवलंत. खणखणीत वाजलं की ठेवायचं, बद्द वाजलं की बाजूला, कारण आत चीर आहे. राहिलेल्यांचे छापाप्रमाणे ढीग लावलेत. जुनी मंगळुरी पुढच्या पाखावर, म्हणजे छपराच्या पुढच्या उतारावर, नंतरची मागच्या पाखावर, आणि उरलीसुरली न्हाणीघरावर. कौलं ज्या लाकडी पट्ट्यांवर टेकतात त्या रिपांमधलं अंतर त्या त्या कौलाच्या मापानं नव्यानं धरलंत. नवी कौलं फारच थोडी आणावी लागली. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ मध्ये कारखाना काढला आणि पुढे हे कौल सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. आमच्या आजेसासऱ्यांनी घातलेली त्यातली बरीच अजून ठणठणीत आहेत. पत्र्यापायी ती सगळी मोडीत गेली असती.

वळचणीकडची वाशांची टोकं कुजली होती. दुसऱ्या कुणी वासेच बदलायला लावले असते. तुम्ही कुजका भाग तेवढा कापून तिथं आईनाच्या लाकडाचा तुकडा तिरका सांधलात, बोल्टनं आवळलात आणि वाळवीसाठी काजूच्या टरफलाचं तेल लावलंत. ते अंगाला लागलं तर कातडी भाजते, म्हणून मला आणि मुलांना जवळही येऊ दिलं नाहीत. पत्र्याच्या कामाला जो आकडा सांगितला होता, त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत सगळं आटोपलं. तरीही शेवटच्या दिवशी उरलेल्या खिळ्यांचे पैसे तुम्ही परत करत होतात.

आणि ते काचेचं कौल! मी मागितलं नव्हतं. चुलीवर अंधार पडतो हे तुम्हीच पाहिलंत आणि बरोब्बर वर एक बसवलंत. आता सकाळी दिवा न लावता भाकऱ्या होतात. सासूबाई येईल-जाईल त्याला ते बोट वर करून दाखवतात.

तुम्ही सांगितलंत तसं प्रत्येक छापाची थोडी कौलं पडवीत रचून ठेवली आहेत. वानरांनी श्रावणात दोन फोडली, ती त्याच दिवशी बदलली. दोन पाखं मिळतात तिथल्या पन्हळीत फणसाची पानं साचतात, तीही नेमानं काढतो.

तुमच्यासोबत वर चढायला आता पोरं मिळत नाहीत, असं बोलता बोलता म्हणाला होतात. ते मनात राहिलं. वाडीतल्या आम्ही काही घरांनी ठरवलं आहे की कौलांची कामं ओळीनं तुम्हालाच द्यायची, आणि शिकायला येणाऱ्या दोन पोरांची मजुरी वेगळी, आमच्याकडून. माझा पुतण्या तयार आहे. शिमगा आटोपला की तो तुमच्याकडे येईल.

तुमची,
बाय