एक पंख, एक भिंगरी आणि सोडून दिलेला बुबू

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

नवी जात जाहीर करायची तर पक्षी मारावाच लागतो का, असं तू विचारलंस. मला लगेच ईशान्य आफ्रिकेतले पक्षी आठवले, कारण हा प्रश्न तिथे फार टोकाला गेला होता. सुदानमध्ये १९८४ साली सांगानेब दीपगृहापाशी एक भिंगरी, म्हणजे एक छोटा पक्षी, मेलेली सापडली. पुढच्या वर्षी तिला स्वतंत्र जातीचं नाव मिळालं, पण तसा दुसरा नमुना हाती नाही. इथिओपियात १९९० साली नेचिसारच्या माळावर गाडीखाली चिरडलेला रातवा, म्हणजे रात्री वावरणारा एक पक्षी, मिळाला. बाकी शरीराची पार दशा झालेली, म्हणून फक्त एक पंख आणला. पंखावरचा मोठा पांढरा पट्टा कुठल्याच ओळखीच्या रातव्याशी जुळेना, तेव्हा १९९५ साली त्या एका पंखावरून जात मांडली.

पण मला खरं सांगायचंय ते सोमालियातल्या बुबू नावाच्या पक्ष्याबद्दल. हा आपल्या खाटीक पक्ष्याच्या लांबच्या नात्यातला. १९८८ साली बुलो बुर्ती गावातल्या इस्पितळाच्या आवारात तो दिसला. वरून काळा, पंखावर पांढरं, गळ्या-छातीवर पिवळसर झाक. तसा एकच पक्षी. पुढच्या वर्षी त्याला पकडलं. रीतीप्रमाणे त्याचं कातडं संग्रहालयाच्या खणात गेलं असतं. पण अभ्यासकांनी त्याचं थोडं रक्त घेतलं, गळालेली पिसं जपून ठेवली, फोटो काढले, वर्षभराहून जास्त काळ त्याला सांभाळलं आणि १९९० साली सोमालियातच बलाद अभयारण्यात सोडून दिलं. १९९१ साली डीएनएच्या आधारावर नवी जात जाहीर झाली.

त्यावर बराच वाद झाला. अख्खा नमुना नसेल तर पुढच्यांनी पडताळायचं कसं, हा आक्षेप काही फालतू नव्हता. गंमत म्हणजे २००८ साली पडताळणी झालीच! त्याच्या डीएनएची नातेवाइकांशी तुलना केल्यावर कळलं की ही वेगळी जात नाही, सोमाली बुबू या आधीपासून माहीत असलेल्या जातीचंच निराळ्या रंगाचं रूप आहे. जात यादीतून गेली. तरीही पक्षी न मारता सोडून द्यायचा तो निर्णय मला शंभर टक्के बरोबर वाटतो. जपून ठेवलेला पुरावा निष्कर्ष उलटवायलाही पुरला, मग जीव घेऊन अधिक काय मिळालं असतं? उलट मारला असता, तर जातीतला शेवटचा म्हणून मारला असता, निदान तेव्हाच्या समजुतीप्रमाणे. ते मला सहनच होत नाही.

आपल्याकडे २००६ साली पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमण आत्रेय यांनी अरुणाचलातल्या बुगुन लिओसिक्ला या पक्ष्याच्या बाबतीत हाच मार्ग धरला. पिसं, फोटो, आवाजाचं ध्वनिमुद्रण, आणि पक्षी परत जंगलात. इतक्या थोड्या पक्ष्यांतला एकही कमी करायचा नाही, हे त्यांनी ठरवूनच केलं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर 'नाही' असं आहे. तुला पटत नसेल तर सविस्तर लिही, मला वाद घालायला आवडेल. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर