अंगठी देताय? आधी माप घ्या

संपादक महोदय,

नाताळला जोडीदाराला अंगठी द्यायची, तर सराफ बाजारात जाऊन स्वतःच्या करंगळीवरून अंदाज बांधू नये. दोऱ्याचे मापही फसते. दोरा ताणला जातो आणि बोटाचे जाड पेर हिशेबात येत नाही. नेहमीची अंगठी गुपचूप न्यावी, पण ती कोणत्या बोटातली हे आधी पाहून. तेही जमत नसेल तर तिचा आतला व्यास मोजावा: साडेसोळा मिलिमीटर म्हणजे साधारण १२ नंबर. रुंद पट्टीला एक नंबर मोठा घ्यावा. बोटाचेच माप घ्यायचे तर दुपारी. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी बोटे आक्रसतात. चांदीवर ९२५चा, म्हणजे ९२.५ टक्के शुद्धतेचा, शिक्का बघावा. सभोवार खड्यांची अंगठी टाळाच, ती सहसा लहान-मोठी करता येत नाही.

– एक वाचक, नाशिक