कॉफीला जळका वास येतो तेव्हा

प्रिय मित्रा,

ताप जाऊन तीन महिने झाल्यावर कॉफीला जळक्या रबराचा वास यायला लागला, म्हणून तू हबकला आहेस. आधी एवढं करून बघ: नाक चिमटीत धर आणि कॉफीचा घोट घे. कडू लागेल, घाण लागणार नाही. नाक सोडलंस की घाण परत हजर. म्हणजे जीभ शाबूत आहे. बिघाड नाकाच्या छताशी, वास टिपणाऱ्या अस्तरात आहे.

तापाच्या विषाणूने ते अस्तर दुखावलं. त्यातल्या चेतापेशी (वासाचा निरोप मेंदूला नेणाऱ्या पेशी) नव्याने उगवतात, पण आधी थोड्याच कामाला लागतात, आणि काहींची मेंदूशी जोडणी चुकत असावी असं मानतात. कॉफीच्या शेकडो गंधरेणूंपैकी काही गंधकयुक्त रेणू कणभर असले तरी नाकाला कळतात. बाकीचे पोचलेच नाहीत की तेवढाच भपकारा उरतो. कांदा, लसूण, अंडं, भाजलेलं मांस ही त्याच माळेतली. म्हणून अन्न गार करून खा; गरम पदार्थातून हे रेणू जास्त उडतात. दही, फळं, साधा भात बहुधा निभावतो. टूथपेस्टचा पुदिना खुपत असेल तर बिनवासाची घे.

आता नाकाला वास पुन्हा ओळखायला लावणारा सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे वास-संशोधक थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये मांडलेले चार वास: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. गडद काचेच्या चार बाटल्यांत जाड कागदाचा तुकडा आणि त्यावर सुगंधी तेलाचे थेंब टाक. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली वीसेक सेकंद, हलके छोटे श्वास घेत हुंग. मध्ये थोडं थांब. हुंगताना तो वास आठव, नुसतं नाक खुपसून बसू नकोस. निलगिरीचा गारवा जाणवला म्हणून हुरळू नकोस. तो चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या वेगळ्या चेतेचा, वासाचा नव्हे. लवंग असह्य झाली तर दुसरा वास घे. किमान १२ आठवडे. बहुतेक जण दोन-तीन आठवड्यांत कंटाळतात, नाहीतर तेल कधीच उडून गेलेलं असतं आणि ते रिकामी बाटली हुंगत बसतात!

तेल नाकात घालायचं नाही. झिंकचे नाकातले फवारे तर मुळीच नकोत, त्यांनीच वास गेल्याची उदाहरणं आहेत. एकाच नाकपुडीचा त्रास असेल, रक्त येत असेल किंवा नाक सतत चोंदत असेल, तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. आणि घरात गॅसगळती व धूर ओळखणारे अलार्म आजच बसव. शिळं अन्न नाकावर नको, तारखेवर ठरव.

तुझाच,
मित्र